फील्डवर्क नाक्याच्या घड्याळावर चालावं

महोदय,

महाविद्यालयं सुरू झाली की एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची, मुलं-मुली गळ्यात ओळखपत्र अडकवून फील्डवर्कसाठी, प्रत्यक्ष कामाच्या सरावासाठी, संस्थांमध्ये हजर होतात. पुण्यात असंघटित कामगारांच्या नोंदणीच्या कामात मी बरीच वर्षं आहे, आमच्याकडेही काही जण येतात. मुलं हुशार असतात, राबायची तयारी असते. तक्रार त्यांच्याबद्दल नाही, त्यांच्या वेळापत्रकाबद्दल आहे.

आठवड्यातले दोन दिवस, अकरा ते पाच. या वेळात मजूर अड्ड्यावर, म्हणजे रोजंदारीच्या कामासाठी मजूर थांबतात त्या नाक्यावर, भेटणार कोण? सातला गजबजलेला अड्डा साडेनऊपर्यंत ओस पडतो. मागे राहतात ते काम न मिळालेले, आणि रोज बुडालेला माणूस सर्वेक्षणाला काय उत्तरं देणार! स्टेशनच्या आसपासची पोरं दिवसभर पोटामागे पांगलेली असतात, जरा निवांत सापडतात ती रात्रीच. तोवर आमचे विद्यार्थी घरी अहवाल लिहीत बसलेले असतात.

त्या अहवालाचंही एक प्रस्थ झालंय. उड्डाणपुलाखाली मावशीजवळ राहणाऱ्या एका पोराला एका विद्यार्थ्याने छापील फॉर्म काढून विचारलं: नाव, मूळ गाव, वडिलांचा व्यवसाय. तिसऱ्या प्रश्नाला पोरगं उठून चालतं झालं. पुढे त्याच पोराकडे गेलेल्या मुलीने कागद पिशवीतच ठेवला. त्याच्या पायाची जखम चिघळलेली दिसली, तेव्हा मावशीला सोबत घेऊन ती त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मग काही दिवसांनी शाळा का सुटली ते त्यानेच सांगितलं. कॉलेजकडून तिच्या वहीवर शेरा आला: ‘मुलाखतींची संख्या अपुरी.’

हे शिक्षण आपल्याकडे असं सुरू झालं नव्हतं. टाटा समाजविज्ञान संस्थेची समाजकार्याची शाळा 1936 मध्ये मुंबईत नागपाड्याच्या कामगार वस्तीत उघडली. अडचणीतल्या मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन 1996 मध्ये याच संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली. पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातली मंडळी कचरावेचक बायकांमध्ये गेली आणि 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. अकरा ते पाचच्या हिशेबात यातलं काही झालं असतं असं मला वाटत नाही.

दुसरी उणीव कागदपत्रांची. कामगार कायद्यांवर निबंध लिहिणाऱ्यांना बांधकाम मजुराची सरकारी कल्याणकारी मंडळाकडची नोंदणी नेमकी कुठे अडते ते ठाऊक नसतं. अडते ती वर्षात 90 दिवस काम केल्याच्या दाखल्यावर. ठेकेदार सही देत नाही, कारण सही दिली की ‘हा माझा माणूस’ असं मान्य केल्यासारखं होतं. मग ग्रामसेवक किंवा महापालिकेकडे खेटे. बिगारी बाईने त्यासाठी रोज बुडवून किती वेळा जायचं? तिच्याबरोबर एकदा त्या खिडकीपाशी उभं राहिलं तर जे कळेल ते चार व्याख्यानांत कळणार नाही. मुलांच्या बाबतीत तर अज्ञान महागात पडतं. एकटं, निराधार मूल सापडलं तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यायला हवं, असं 2015 चा बालन्याय कायदा सांगतो. हौसेने त्याला घरी नेऊन जेवू घालणं म्हणजे समाजकार्य नव्हे, हे पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं.

विद्यापीठांनी फील्डवर्कचे तास सकाळी सात किंवा रात्रीचे धरायला परवानगी द्यावी, रात्री जोडीने आणि संस्थेच्या कार्यकर्त्यासोबतच पाठवावं. वर्षभर विद्यार्थी एकाच ठिकाणी राहू द्यावा. ओळख होते न होते तोच संस्था बदलली की पोरं नव्या चेहऱ्यावरही विश्वास ठेवेनाशी होतात. प्रवासखर्च द्यावा, कारण येणाऱ्यांतली बरीच मुलं स्वतःच शेतमजुरांच्या घरातली असतात आणि बसभाडं वाचवायला चालत येतात. गुण देताना अड्ड्यावरच्या चार मजुरांनाही विचारावं. ते परखड बोलतील, पण खरं बोलतील.

आणि पर्यवेक्षक प्राध्यापकांनी महिन्यातून एकदा तरी सकाळी सातला अड्ड्यावर यावं. चहा आमच्याकडून.

– एक कार्यकर्ता, पुणे