बॅकअपचं कोडं उलगडणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. पण आभार चारचौघांतच मानायचे होते. छोट्या छापखान्यात लिनक्सचा सर्व्हर सांभाळणारे आणखी बरेच जण याच दुखण्याने बेजार असतील.

दिवसभर सगळं सुरळीत. रात्री बॅकअप लागला, मोठ्या फायली एका दमात निघाल्या, की नेटवर्क कार्ड गपगार. काही सेकंदांनी ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) त्याला रीसेट करायचा, की पुन्हा तेच. केबल बदलून झाली, स्विचचं पोर्ट बदलून झालं. विक्रेत्याने तर नव्या सर्व्हरचं कोटेशनच धाडलं (त्यात त्यांची तत्परता वाखाणण्यासारखी!).

तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, "डेटा बाहेर जाताना अडकतं की आत येताना?" तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. आयपर्फ हे नेटवर्कचा वेग मोजायचं साधन दोन्ही दिशांनी चालवायला लावलंत. आत येताना कार्ड ठणठणीत, बाहेर पाठवताना थोड्याच वेळात आडवं. मग कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग उघडून ट्रान्समिट क्यू (बाहेर जाणाऱ्या डेटाची रांग) टाइम आउट झाल्याची ओळ दाखवलीत, आणि आमच्या ड्रायव्हरने तिथेच छापलेले हेड आणि टेल हे दोन आकडे. रिंग, म्हणजे ड्रायव्हर कार्डासाठी कामं मांडतो ती गोलाकार यादी, हा रहाटच, असं तुम्ही म्हणालात. ड्रायव्हर गाडगी भरून टेल पुढे सरकवतो, कार्ड ती रिकामी करत हेड पुढे नेतं. आमचा टेल बराच पुढे गेलेला आणि हेड जागचा हलत नव्हता. काम दिलेलं होतं, कार्डच ते उचलत नव्हतं. केबल बिचारी उगाच बदनाम झाली.

तिथून तुम्ही टीएसओकडे, म्हणजे डेटाचे तुकडे पाडायचं काम कार्डावर सोपवणाऱ्या सोयीकडे, वळलात. एरवी कर्नल जवळपास 64 केबीपर्यंतचा मोठा तुकडा कार्डाच्या हवाली करतो आणि 1500 बाइटच्या एमटीयूत (एका पॅकेटच्या कमाल मापात) बसतील असे त्याचे तुकडे कार्डच पाडतं. इथटूल या कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या कमांडने ते बंद केलं, ती कापाकापी प्रोसेसरकडे गेली. प्रोसेसरवरचा भार किंचित वाढला, पण एक गिगाबिटला तो सहज पेलतो. कार्ड त्या रात्रीपासून अडलेलं नाही. पीसीआय एक्सप्रेसची (कार्ड ज्या जोडणीवर बसतं तिची) वीजबचतही लगेच बंद करू, असा माझा आग्रह होता. तुम्ही थांबवलंत: दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कसं कळणार?

रीबूटनंतर सेटिंग पुसलं जातं, तेव्हा ते सिस्टमडीत (लिनक्स सुरू होताना कामं चालू करणाऱ्या व्यवस्थेत) बसवून घ्या, हेही तुम्हीच आठवणीने सांगितलंत. ही मलमपट्टी आहे, असंही स्पष्ट बोललात. त्याप्रमाणे कार्डाचं मॉडेल, कर्नलची आवृत्ती आणि लॉगचा तो भाग ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना पाठवलाय. नवा कर्नल टाकला की टीएसओ चालू करून चाचणी पुन्हा घेईन. निकाल कळवतोच.

आपला,
छापखान्यातला कॉम्प्युटरवाला