पहाटेचे पाच आणि चौथी मात्रा

पुणे, रविवार

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

कोजागिरीला तुम्ही मंडळी आबेंतुरा या गटाचं स्पॅनिश गाणं ‘ओबसेसियोन’ बसवताय हे वाचून फार आनंद झाला. तू दोनच गोष्टी विचारल्यास. कॉर्ड बरोबर असूनही गाणं ‘तसं’ का वाटत नाही, आणि ते खरखर वाजणारं वाद्य कुठे मिळेल? दोन्हींचं उत्तर देतो, पण आधी गाण्याचा अर्थ नीट समजून घे, कारण वाजवण्यातल्या निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात.

पहाटेचे पाच वाजलेत, गड्याचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. नटूनथटून, चकचकीत गाडी घेऊन तो तिच्या शाळेवर जातो, तर ती निघून गेलेली. मग तिच्या मैत्रिणीशी गोड बोलून नंबर मिळवतो, फोन करतो, पेजरवर निरोप टाकतो. उत्तर नाही. हे सगळं तो तक्रारीच्या नाही, प्रेमाच्या सुरात सांगतो, आणि तेवढ्यात बाईचा आवाज येतो : हे प्रेम नव्हे, तुला जे वाटतंय त्याला झपाटलेपण म्हणतात. बहुतेक सगळं गाणं त्याचं, पण लोकांच्या तोंडी बसली ती तिची ओळ. म्हणून माझं पहिलं सांगणं : तिची ओळ तू गाऊ नकोस. बरेच जण सगळं एकट्याने गातात, मग तो स्वतःचीच समजूत घालतोय असं वाटतं आणि गाण्याचा कणाच मोडतो. ती तुमच्या गटातल्या वृंदाला गायला लाव, आणि तिला सांग की मुरकी नको, हरकत नको, सरळ स्वर. ती आळवत नाही, निकाल देते.

थोडी पार्श्वभूमी. आबेंतुरा हा न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या डॉमिनिकन घरांतल्या पोरांचा गट. रोमिओ, हेन्री, लेनी आणि मॅक्स, चौघांचंही आडनाव सांतोस. लेनी आणि मॅक्स सख्खे भाऊ, रोमिओ आणि हेन्री चुलत. बाईचा आवाज जूडी सांतोसचा, आणि आडनाव तेच असलं तरी ती नात्यातली नाही. २००२ च्या ‘वी ब्रोक द रूल्स’ या अल्बममधलं हे गाणं पुढे इटली आणि फ्रान्समध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. २००५ च्या सुमारास फ्रँकी जे आणि बेबी बॅशने ते इंग्रजीत केलं, अमेरिकेत तेही खूप चाललं. दोन्ही लागोपाठ ऐक. इंग्रजीत चाल आहे, पण बचाता, म्हणजे मूळ गाण्याचा नाचाचा ढंग, गेलाय, आणि त्याबरोबर अस्वस्थपणाही गेलाय. तो अस्वस्थपणा तालात असतो.

बचाता मूळचा डॉमिनिकन रिपब्लिकचा. तिथला हुकूमशहा त्रुहियोला मात्र मेरेंगे हा नाचगाण्याचा दुसरा प्रकार प्रिय. १९६१ मध्ये त्याची हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी होसे मानुएल काल्देरोनच्या आवाजात बचाताची पहिली रेकॉर्डिंग झाली. गरीब वस्त्यांतलं, दारूच्या गुत्त्यातलं गाणं म्हणून पांढरपेशे त्याला हलकं लेखायचे. त्याचं दुसरं नावच ‘आमार्गे’चं संगीत, म्हणजे कडवटपणाचं. सोडून गेलेल्या माणसाचं प्रेम उतरत नाही, हाच त्याचा कायमचा विषय. १९८७ च्या सुमारास ब्लास दुरानने इलेक्ट्रिक गिटार आणि ग्वीरा, म्हणजे तू विचारलेलं खरखर वाजणारं वाद्य, आणली, तोवर तिथे माराका म्हणजे खुळखुळे असायचे. २०१९ मध्ये युनेस्कोने बचाताला वारशाच्या यादीत घेतलं.

आता वाजवण्याचं. पाच वाद्यं लागतात : रेकिंतो म्हणजे पुढची गिटार, सेगुंदा म्हणजे साथीची, बास, बोंगो आणि ग्वीरा. चार मात्रांचं आवर्तन. बास पहिल्या मात्रेवर लांब, मग तिसरीवर आणि चौथीवर एकेक. बोंगो म्हणजे हाताने वाजवायचे जोडीचे छोटे ढोल, त्यातलं लहान तोंड माचो, मोठं एंब्रा. एंब्राचा खोल ठोका पडतो चौथ्या मात्रेवर. नाचणारेही तीन पावलं टाकून चौथीवर पाय नुसता टेकवतात आणि कंबर उचलतात. पुण्या-मुंबईतल्या बचाताच्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

तुमचं गाणं ‘तसं’ न वाटण्याचं कारण मला इथेच दिसतं. आपला हात केरव्यावर बसलेला. सम आली की वजन आपोआप पहिल्या मात्रेवर पडतं आणि चौथी नुसती सरून जाते. मग गाणं भजनासारखं स्थिर होतं. चौथीवरचा ठोका पुढच्या आवर्तनात ढकलतो, म्हणून तो माणूस कूस बदलत राहिल्यासारखा वाटतो. सराव असा कर : गिटार बाजूला ठेव, मेट्रोनोम (लय मोजून देणारं यंत्र) ८० वर लाव, पायाने चारही मात्रा आणि हाताने फक्त चौथी. दहा मिनिटं न चुकता जमलं की रोज पाचाने वाढव, १२० पर्यंत. त्याआधी गिटार उचलू नकोस.

दोन्ही गिटारी एकाच जागी एकच कॉर्ड वाजवत असतील तर सगळा चिखल होतो. सरावाला साधी उतरण घे : ए मायनर, जी, एफ, ई सेव्हन. सेगुंदा हेच मोकळ्या तारांवर वाजवेल. रेकिंतोवाल्याने पाचव्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावायचा आणि ई मायनर, डी, सी, बी सेव्हन असे हात धरायचे. सूर तेच, पण जागा वर गेल्याने तार चमकते. रेकिंतोत कॉर्ड झोडायची नाही, वरच्या तीन-चार तारा एकेक करून छेडायच्या. प्रत्येक सूर तुटक हवा. त्यासाठी उजव्या तळव्याची कड ब्रिजला टेकव आणि डाव्या हाताचं बोट तार न सोडता नुसतं सैल कर. पूर्ण उचललंस तर मोकळी तार गुणगुणते, आणि कुठे बिघडलं ते ध्यानातही येत नाही.

पट्टी आधी वृंदाच्या ओळीची ठरवा. रोमिओचा आवाज खूप उंच. मूळ पट्टीत तू कडव्यांत ताणशील आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत घसा बसेल. कॅपोने पट्टी वर जाते, खाली येत नाही. उतरवायची तर कॉर्डच बदलावे लागतील.

ग्वीरा म्हणजे खडबडीत पत्र्याचं नळकांडं, ताठ तारांच्या काट्याने घासायचं. विकत घेण्याच्या फंदात पडू नकोस. स्टीलची चौकोनी, उभी किसणी घे. बारीक भोकांची बाजू वापर, खोबऱ्याची नको, तिथे तार अडकते. कडा कानशीने मारून घे, नाहीतर बोटं सोलतील. काट्यासाठी सायकलचे सात-आठ आरे पंधरा सेंटीमीटरला काप, एका टोकाला लाकडी मुठीत घट्ट बांध, दुसऱ्या टोकाला पंख्यासारखे किंचित फाक. आरे फार जवळ राहिले तर आवाज एकच जाड येतो, ‘चिक-चिकि’ वेगळं ऐकू येत नाही. कडव्यात प्रत्येक मात्रेला एक लांब आणि दोन आखूड घासे, त्याला देरेचो म्हणतात. वृंदाची ओळ आली की चारही मात्रा सारख्या ठसठशीत, तो माहाओ. मध्ये गिटार एकटी बोलते तिथे मांबो, तिथे वादकाला मोकळीक. हा बदल चुकला तर तिची ओळ येऊन गेली तरी कुणाला कळत नाही.

बोंगो नसेल तर ढोलकी चालेल, पण धुमाच्या म्हणजे खर्जाच्या बाजूला आतून घुमारा नको. रुमालाची घडी बांध आणि मनगट वर ठेव, सूर ओढला गेला की सगळं लावणीकडे वळतं.

उच्चारात आपल्याला फायदा आहे. स्पॅनिशमधले ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य, आणि स्वर आखूड, स्वच्छ. इंग्रजी वळणाचे ‘ट’, ‘ड’ तेवढे टाळ. ‘व्ही’ लिहिलं तरी ‘ब’ म्हण, म्हणून गटाचं नाव आबेंतुरा. शब्दाच्या शेवटचा स्वर पुढच्या शब्दाच्या स्वराला चिकटतो, दोघांना मिळून एकच सूर. तो तोडलास तर अक्षरं जास्त होतात आणि ओळ तालाबाहेर सांडते. ‘ओबसेसियोन’मध्ये जोर शेवटच्या ‘योन’वर.

पुढच्या रविवारी फक्त ग्वीरा, बोंगो आणि वृंदाची ओळ एवढंच फोनवर रेकॉर्ड करून पाठव. गिटार त्यात नको. चौथी मात्रा ऐकू आली की मग बाकीचं बोलू.

वहिनींना नमस्कार, छोट्याला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश