सावद्याच्या नानांना

आदरणीय नाना, साष्टांग नमस्कार.

काल माझी एमएस्सीची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या मॅडमनी विचारलं, "जळगावच्या मे महिन्यात ड्रोसोफिला माश्या जगवल्या कुठे?" म्हटलं, "केळीच्या वखारीत." पुढे बोलताच येईना.

पारा पंचेचाळीसवर आणि कॉलेजातला ठरावीक तापमान राखणारा इन्क्युबेटर बंद. माश्यांना 25 अंश मानवतं. तिशीच्या पुढे नर वांझ होतात, पिढीच खुंटते. तीन अर्ज दिले. "चिलटांसाठी थंडावा मागतेस?" असं ऐकवलं गेलं. ते हसणं मी अजून विसरले नाही.

चिलटं म्हणजे तर तुमच्या धंद्याचे वैरी. तरी तुम्ही 18 अंशांची पिकवणीची एक खोली रिकामी करून दिलीत. नळ्यांवर डन्स, रुटाबागा अशी माश्यांच्या वाणांची नावं पाहून विचारलंत, "यातली विसरभोळी कोणती?" मी डन्स दाखवली. एका वासासोबत विजेचा झटका दिला की साधी माशी पुढे तो वास टाळते. डन्सच्या मात्र काही मिनिटांतच ते डोक्यातून जातं. 1976 मध्ये कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर यांच्या प्रयोगशाळेने ती जगापुढे आणली. तिच्यात बिघडलेलं जनुक पेशीतला सायक्लिक एएमपी हा निरोप्या मोडणारं विकर (एन्झाइम) बनवतं, आणि त्या कुळातली विकरं आपल्याही मेंदूत आहेत. तुम्ही नळी उजेडात धरून बराच वेळ बघत राहिलात. "एवढ्याशा डोक्यात?" एवढंच म्हणालात.

दुसऱ्या दिवशी आले तर दारावर खडूने, तुमच्या त्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं: "आत पोरीच्या माश्या आहेत. दार लगेच लावा."

नाना, दोन वर्षांत माझ्या कामाला कुणी 'पोरीचं' म्हटलं नव्हतं. 'हिचं ते खूळ' म्हणायचे. घड वाहणारे हमालसुद्धा ती ओळ वाचून दार ओढून घ्यायचे, मला वाट द्यायचे. रात्री लाइट गेली की तुमचा फोन यायचा, "जनरेटर लायेल शे, तू झोप." दुसऱ्याचं काम आपल्याला पुरतं कळत नसताना ते जिवापाड जपायचं, हे मोठ्या पदव्यांच्या माणसांतही मला क्वचित दिसलं.

खोलीत आता माल भरला असेल. ती ओळ मात्र पुसू देऊ नका. रविवारी आईला घेऊन येते, तिला दाखवायची आहे. काकूंना म्हणावं, कळण्याची भाकरी करा.

तुमची,
माश्यांवाली पोरगी