पक्यास पत्र: दोनच सायकली ठेवायच्या म्हणे

प्रिय पक्या,

परवा सोसायटीची मीटिंग झाली. ठराव पास: पार्किंगमध्ये एका फ्लॅटच्या दोनच सायकली. मुदत दिवाळीपर्यंत. ठराव सगळ्यांसाठी आहे म्हणे, पण वाचून दाखवताना सेक्रेटरी माझ्याकडेच बघत होता. हिने तर ठरावाच्या बाजूने हात वर केला! आता घरात बोलून उपयोग नाही, म्हणून तुला लिहितोय. "माणसाला सायकल एकच पुरते" हे तुझं तत्त्वज्ञान कॉलेज रोडवर चहाचं पाणी होईस्तोवर ऐकलंय. ते परत नको.

तब्येत ठीक. शुगर काठावर, गोळी चालू.

तर पाच आहेत. घडीची धरू नकोस, ती पलंगाखाली मावते आणि पंचवटीने कल्याणला लेकीकडे जाताना पायाशी बसते. गंगापूर धरणाकडच्या कच्च्या वाटांची जाड टायरवाली भाच्याला देऊन टाकतो, त्याची कधीची नजर आहे. राहिल्या तीन. रोज सोमेश्वरपर्यंत जायची हायब्रिड, भाजीची तुझ्या नानांची ॲटलास आणि लाली. २०१५ साली आपल्या महाजन डॉक्टर बंधूंनी अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायची रॅम ही सायकल शर्यत पुरी केली आणि गावात ज्याला त्याला वाकड्या हँडलचं वेड लागलं, तेव्हा घेतलेली ही लाली.

खरा घोळ तिचाच. मध्यंतरी तासभर चालवली की करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. तळहातावर भार येऊन नस दबते, सायकल विका, असं डॉक्टर म्हणाले. मी पाने घेऊन बसलो. हँडलचा स्टेम, म्हणजे हँडल पुढे धरणारा आखूड दांडा, ११० मिलिमीटरचा होता, तो काढून ८०चा लावला. सीटचं नाक खाली झुकलेलं, त्यामुळे अंग पुढे घसरून सगळा भार हातांवर. ते सपाट केलं. २५ मिलिमीटर रुंदीचे टायर काढून २८चे घातले, हवा शंभरवरून पंचाहत्तरवर आणली. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते काय खणून ठेवलेत तुला कल्पना नाही, पण आता बोटं जागी असतात. म्हणजे तिला विकायचं एकमेव कारण होतं, तेच मी माझ्या हाताने घालवून बसलो.

सीटवरून आठवलं. त्र्यंबकच्या रस्त्याला तू जेलचं गुबगुबीत कव्हर घालून आला होतास आणि मी नको म्हणालो तर "तुझं बूड लाकडाचं" म्हणालास. बसायची हाडं मऊ गादीत रुतली की भार नको तिथे येतो, हे मी तेव्हाही सांगत होतो. अंजनेरीपासून उभ्याने पायडल मारत आलास आणि वर शिव्या मलाच.

बंड्या म्हणतो, हायब्रिड आणि घडीची ठेव, बाकी मोकळं कर. हिशेबाने बरोबर आहे. हिशेबाने बघायला गेलं तर बंड्याचं लग्नसुद्धा व्हायला नको होतं. ही विचारते, पंप तरी तीन कशाला? आता लालीला बारीक फ्रेंच व्हॉल्व्ह, हायब्रिडला मोटारीचा, ॲटलासला अजून जुनी रबरी वॉलट्यूब, हे तिला काय समजावू?

आणि ॲटलास. ती माझी नाहीच. पुण्याला जाताना "राहू दे तुझ्याकडे" म्हणालास, त्याला जमाना झाला. सळईचे ब्रेक पावसात दगा देतात, चढ आला की उतरावंच लागतं. पण रविवार कारंजाच्या गर्दीत लेंगा घालून, ताठ बसून, हँडलला पिशवी अडकवून जायला दुसरी एकही कामाची नाही. चेनकव्हर आहे, लेंगा काळा होत नाही. मागच्या मडगार्डवर नानांनी ब्रशने काढलेला 'ना' अजून दिसतो. तेवढ्या जागेवर मी रॉकेलचा बोळा फिरवत नाही. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, २०२०च्या ३ जूनला, नेमका जागतिक सायकल दिन, तेव्हा रात्री फोन करून तूच विचारलंस, "आहे ना रे ती?" म्हणून तिचं एकट्याने ठरवत नाही. तुझ्याकडे बंगल्याला पडवी आहे. नेणार असशील तर टेम्पो मी बघतो. ठेव म्हणालास तर ठेवतो, पण मग लाली आणि हायब्रिडमधली एक जाणार.

वहिनींचं मोतीबिंदूचं आटोपलं ना? चिरंजीवांच्या नोकरीचं कळलं, पेढे बाकी आहेत. गुडघ्याचं म्हणशील तर तू सीट अजून खालीच ठेवत असणार. टाच पायडलवर ठेवून तळाला ने, पाय सरळ झाला पाहिजे. तेवढं कर, मग डॉक्टरकडे जा.

उत्तर फोनवर नको, फोनवर तू आधी राजकारण काढतोस. चार ओळी खरड.

तुझा,
सुध्या

ता. क. लाली विक असंच लिहिणार असशील, तर पत्र जरा उशिरा टाक.