आडवी निजवलेली तोफ

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या तोफा ऐन चकमकीत बंद का पडायच्या, असं तू परवा विचारलंस. फोनवर उरकण्यासारखा विषय नव्हता, म्हणून सविस्तर लिहितोय.

1940 चा उन्हाळा घे. ब्रिटिशांच्या स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या पंखांत तेव्हा आठ ब्राउनिंग मशीनगन असत. पण जर्मन बॉम्बरांना चिलखती पत्रे आले, छिद्र आपोआप बुजवणाऱ्या टाक्या आल्या, आणि त्या बारीक गोळ्या कमी पडू लागल्या. म्हणून इंग्लंडमधल्या डक्सफर्ड तळावरच्या 19 नंबर स्क्वाड्रनला, म्हणजे विमानतुकडीला, 20 मिमीच्या दोन हिस्पानो तोफांची स्पिटफायर दिली. तोफ जातिवंत होती. पण तिच्यावर 60 गोळ्यांचा ड्रम बसायचा आणि स्पिटफायरचा पंख पातळ! ड्रम मावेना, म्हणून तोफच कुशीवर आडवी निजवली. दुखण्याचं मूळ तिथे आहे. रिकामी पुंगळी सरळ खाली पडायची ती बाजूला उडू लागली. कुठेतरी आपटून परत यायची आणि तोफ अडकवायची. शिवाय जोरात वळताना पंख किंचित वाकायचा. जमिनीवर ठणठणीत चालणारी तोफ वर गेल्यावर दगा द्यायची. दोन्हींपैकी एकच चालू राहिली, तर तिच्या धक्क्याने विमानाचं नाक तिकडे ओढलं जाऊन नेम चुकायचा. 60 गोळ्या म्हणजे जेमतेम सहा सेकंदांचा मारा, त्यातही हे! त्या तुकडीतल्या वैमानिक पोरांचा विचार केला की पोटात कालवतं.

सप्टेंबरात त्यांनी तोफांची विमानं परत करून आठ मशीनगनवाली घेतली. ती प्रशिक्षण केंद्रातली, वापरून खिळखिळी झालेली होती, तरी त्यांना तीच हवी होती. पुढे तोफ उभी बसवली, ड्रमसाठी पंखावर फुगवटा ठेवला, आणि 1941 पासून तीच हिस्पानो भरवशाची ठरली.

मशीनगनचंही सुरुवातीला सुखाचं नव्हतं. उंचावरच्या थंडीत त्या गोठायच्या. मग रेडिएटरची गरम हवा नळीने तिथवर नेली, आणि बंदुकांच्या नळ्यांच्या तोंडांवर कापडी तुकडे चिकटवले. पहिलीच गोळी ते फाडून बाहेर पडे. विमान उतरताना कापड फाटलेलं दिसलं, की आर्मररांना, म्हणजे शस्त्रं सांभाळणाऱ्यांना, लांबूनच कळायचं, पुन्हा गोळ्या भरायच्यात.

मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. अमेरिकनांनी त्यांच्या मस्टँग या लढाऊ विमानाच्या पी-51बी या प्रकारात पातळ पंखापायी चार मशीनगन तिरक्या बसवल्या. गोळ्यांच्या पट्ट्याला वाकडं वळण पडलं, आणि विमान जोरात वळलं की भाराने पट्टा अडकायचा. पी-51डी मध्ये सहा बंदुका सरळ उभ्या बसवल्या तेव्हा हे थांबलं. एवढ्या वर्षांत इंग्लंडमधला अनुभव कुणीच विचारात घेतला नसेल?

तुझं आयुष्य कारखान्यात यंत्रं बसवण्यात गेलंय. जागेवर नीट चाललेलं यंत्र भार पडल्यावर असं रुसतं, तेव्हा तुम्ही आधी काय तपासता? सवडीने, पण नक्की लिही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश