तुझ्या पोखरणच्या गोष्टीबद्दल

प्रिय मित्रा,

तुझी गोष्ट वाचून झाली. फोनवर बोलण्यापेक्षा लिहूनच कळवावं म्हटलं, कारण फोनवर तू मला मधेच तोडतोस आणि मग विषय भलतीकडेच जातो. विषय जबरदस्त निवडलायस. मेमधल्या अणुचाचण्यांच्या आधीचा १९९८ चा एप्रिल, राजस्थानातली पोखरणची फायरिंग रेंज, मध्यरात्र, कुंपणातून आत घुसलेला चोरटा शिकारी, आणि समोर रायफल रोखून उभा जवान, ज्याच्या पाठीमागे अख्ख्या देशाचं गुपित आहे. पण लेका, एवढं सगळं जमवून आणलंस आणि तिसऱ्याच पानावर तो जवान म्हणतो की इथे अणुबॉम्ब आहे, चालता हो, शिकारी हात जोडतो, हा गोळी घालतो, संपलं. मला खरंच वाईट वाटलं. कारण जिथे गोष्ट सुरू व्हायला हवी तिथेच तू ती संपवलीस.

आधी तो जवान घे. त्याला काय माहीत असणार? अरे, मंत्रिमंडळातल्या बहुतेकांना पत्ता नव्हता. शास्त्रज्ञ मिलिटरीच्या गणवेषात फिरत होते, कलाम साहेब मेजर जनरल पृथ्वीराज झाले होते आणि शास्त्रज्ञ आर. चिदंबरम मेजर जनरल नटराज. शाफ्टना, म्हणजे चाचणीसाठी खणलेल्या खोल विहिरींना, नावं काय, तर व्हाइट हाउस, ताजमहाल, कुंभकर्ण. आता ज्या साध्या जवानाला सांगितलंय की या ढिगाऱ्यापासून त्या ढिगाऱ्यापर्यंत कोणी फिरकता कामा नये, त्याला एवढंच कळतं की काहीतरी मोठं चाललंय. रात्री खोदकाम होतं, दिवस उगवायच्या आत सगळी यंत्रं होती त्या जागी परत जातात, चाकांच्या खुणा पुसल्या जातात, आणि प्रश्न विचारायचा नाही. तो ज्याची राखण करतोय ते काय आहे हे त्यालाच ठाऊक नाही, त्याच्यापुरता अंदाज असेल, पण तो तोंडावर आणायची सोय नाही. असा माणूस कसा बोलेल, कशाला घाबरेल, याचा विचार कर. बॉम्ब हा शब्द तुझ्या गोष्टीत अजिबात येऊच देऊ नकोस. वाचणाऱ्याला माहीत आहेच ना.

आणि एवढी लपवाछपवी का, तेही एका ओळीत कुठेतरी येऊ दे. १९९५ च्या डिसेंबरात अशीच तयारी चालू होती, अमेरिकेच्या उपग्रहांनी ती टिपली, त्यांचे राजदूत ते फोटो घेऊन दिल्लीत सरकारदरबारी पोचले आणि नरसिंह रावांच्या सरकारला थांबावं लागलं. म्हणून १९९८ ला सगळं रात्री. वाळूचे ढिगारे सुद्धा असे घातले की वाऱ्यानेच ते तसे झालेत असं वरून वाटावं, ज्या दिशेने वारा वाहतो तसा त्यांना उतार दिला, वर झुडपं. मला हा भाग वाचताना नेहमी अंगावर काटा येतो, म्हणजे इतकी मोठी गोष्ट आणि ती कशावर अवलंबून, तर वाळूचा उतार बरोबर आहे की नाही यावर.

आता तुझा शिकारी. तू त्याला बिचारा, पोटासाठी आलेला, भोळा वगैरे केलायस. मला ते पटत नाही आणि राग पण येतो, खरं सांगतो. पण त्यावर मागाहून येतो. आधी हे बघ की त्या भागात रात्री वाळू वाचू शकणारा माणूस कोण? उपग्रह वरून बघतो, त्याला फसवता आलं. पण जो माणूस चिंकाऱ्याच्या, म्हणजे तिथल्या छोट्या हरणाच्या, मागे जमीन बघत बघत चालतो, ज्याला खुरांच्या दोन फाकांवरून कळतं की जनावर चरत गेलं की पळत गेलं, आणि खुणेच्या कडा ढासळल्यात का ताज्या आहेत यावरून किती वेळ झाला ते कळतं, त्याला तू कसा फसवणार? त्याने ती रेंज वर्षानुवर्षं पायाखाली घातलीय. तो त्या ढिगाऱ्यासमोर उभा राहिला की त्याला पहिल्यांदा हेच खटकणार की हा गेल्या अमावास्येला इथे नव्हता. आणि वरचं झुडुप बाजूच्या झुडपापेक्षा जास्त सुकलंय, म्हणजे त्याला मूळ नाही. जगातल्या सगळ्यात महागड्या कॅमेऱ्याला जे दिसलं नाही ते या माणसाला कंदिलाशिवाय दिसतं. तुझ्या गोष्टीचा जीव इथे आहे मित्रा. जवानाला धोका त्याच्या ठासणीच्या बंदुकीचा नाहीये, त्याच्या नजरेचा आहे. आणि दोघांनाही ते हळूहळू कळत जातं, अगदी बोलता बोलता.

दोघं भेटतात ते सुद्धा योगायोग म्हणून दाखवू नकोस, भेटणारच होते. गुपिताला अंधार लागतो आणि चोरट्या शिकारीलाही अंधारच लागतो. जीपवरून किंवा पायी, सर्चलाईट मारायचा, चिंकाऱ्याचे डोळे चमकतात, जनावर उजेडात थिजून उभं राहतं, आणि बार. चांदण्यात हे तितकं जमत नाही. तू तारीख दिलेली नाहीस म्हणून सांगतो, ११ मेला बुद्धपौर्णिमा होती, तिथून मागे मोजलंस की २६ एप्रिलला अमावास्या येते. तीच रात्र घे. चाचणीची सामग्री मुंबईहून विमानाने जैसलमेरला गेली ती १ मेच्या पहाटे, म्हणजे अमावास्येच्या रात्री शाफ्टमध्ये ते अजून उतरलेलंच नाहीये! जवान ज्याच्यासाठी जीव द्यायला तयार आहे ती वस्तू तिथे पोचायची आहे. हे तू कुणाच्या तोंडी घालू नकोस, फक्त तारीख दे, ज्याला कळायचं त्याला कळेल.

आणि शिकारी कुंपणाच्या आत का येतो याचं कारणच तुझ्या गोष्टीत नाही. मी सांगतो. जवळच खेतोलाई गाव आहे, बिश्नोई वस्तीचं. बिश्नोई लोकांचं तुला माहीत असेलच, १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडली गावात झाडं तोडायला आलेल्या राजाच्या माणसांसमोर अमृता देवी आणि तिच्यामागे लोक उभे राहिले, ३६३ जणांनी जीव दिला. हे लोक हरणाला पोटच्या पोरासारखं जपतात. गावाच्या बाजूला बार झाला की काठ्या घेऊन धावतात, मग शिकाऱ्याची धडगत नाही. १९९८ च्याच ऑक्टोबरात जोधपूरजवळच्या कांकाणीत काळविटांच्या शिकारीचं जे प्रकरण झालं त्यात पण बिश्नोईच पुढे आले होते. तर असा शिकारी काय विचार करेल? की गावाच्या शिवारात मरण्यापेक्षा फौजेच्या रेंजमध्ये घुसलेलं परवडलं, तिथे माणूस फिरकत नाही म्हणून जनावरही निवांत असतं. ते खरंही आहे. रेंज बंद असल्यामुळे तिथे चिंकारा टिकलाय, गोडावण म्हणजे आपला माळढोक टिकलाय, जो आपल्या नान्नजला आता जवळजवळ दिसेनासा झालाय. तोफा फुटतात त्या जागी पक्षी अंडी घालतोय आणि सोलापूरच्या शांत माळावरून तो नाहीसा होतोय, हे मला फार लागतं.

म्हणून त्याला बिचारा करू नकोस. चिंकारा केवढा असतो, वीस-पंचवीस किलोचं जनावर, पाण्याशिवाय दिवसचे दिवस काढतं, दव आणि पाल्यातल्या ओलाव्यावर जगतं. ते उजेडात आंधळं करून मारायचं यात भोळेपणा कसला. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहे, आजच्या घडीला तीन ते सात वर्षं शिक्षा आहे त्याला. कसब आहे म्हणून माणूस चांगला ठरत नाही. बघ, १९४० मध्ये जर्मन उतरले तर काय म्हणून ब्रिटिशांनी गुपचूप ऑक्झिलिअरी युनिट्स उभी केली, जमिनीखाली लपायच्या जागा, आणि त्यात गेमकीपर म्हणजे शिकारीची जनावरं राखणारे रखवालदार आणि चोरटे शिकारी शेजारी शेजारी घेतले, कारण रात्री आवाज न करता चालणं त्यांनाच येत होतं. आणि त्याच वर्षी नाझींनी पण तुरुंगातले चोरटे शिकारी काढून एक तुकडी बनवली, तिने पुढे बेलारूसमध्ये आणि १९४४ ला वॉर्सात जे केलं ते वाचवत नाही. कसब तेच. तुझा शिकारी यातला कुठला होईल हे त्या रात्री त्याचं त्यालाही माहीत नसावं, असं लिही.

आता समोरासमोर. पहारेकऱ्याची हाक असते, "थम! कौन आता है?" तू एनसीसीत होतास, तुला ती पाठ असेल, मग गोष्टीत का नाही? ती हाक एकदम अंधारातून येऊ दे. मग "हाथ ऊपर". शिकारी बंदूक टाकतो, आणि तिथून पुढे गोळी नको, बोलणं हवं. कारण गोळी झाडली की आवाज, आवाज झाला की खेतोलाईतून माणसं येणार, त्यांना वाटणार शिकारी आलाय, आणि ते बरोबरच असणार! दहा-वीस माणसं बॅटऱ्या घेऊन नेमकी त्या ढिगाऱ्यांकडे. जवानाला हे कळतं. म्हणजे हातात भरलेली रायफल आहे आणि ती तेवढी वापरता येत नाही. शिकाऱ्यालाही कळतं की हा झाडत नाहीये, आणि का झाडत नाहीये याचा तो विचार करायला लागतो. हा क्षण सावकाश लिही, दोन पानं घे हवी तर.

पुढचा पेच कायद्याचा आहे आणि तो तू अजिबात घेतला नाहीस. १९२३ चा ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट, म्हणजे सरकारी गुपितांचा कायदा आहे, त्यात मनाई केलेल्या जागेच्या आसपास नुसतं सापडणं पुरत नाही, देशाला घातक हेतू लागतो, पण तो हेतू परिस्थितीवरून आणि माणसाच्या एकूण वागणुकीवरून धरता येतो असंही त्यातच आहे. संरक्षणाशी संबंधित असेल तर चौदा वर्षांपर्यंत. शिकाऱ्याचा हेतू फक्त मटणाचा. पण त्याला धरून पोलिसांत दिलं तर एफआयआर होणार, जागा लिहावी लागणार, वेळ लिहावी लागणार, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागणार, आणि एखाद्या वार्ताहराने विचारलं की एका हरणचोरावर हा कायदा कशाला, तर? सोडून दिला तर चहाच्या टपरीवर सांगेल. इकडे आड तिकडे विहीर. जवान वायरलेस सेटवरून सुभेदार साहेबांना कळवतो, साहेब येईपर्यंतचा जो वेळ आहे ना, तीच तुझी गोष्ट.

माझं मत विचारशील तर साहेबांनी हुशारी करावी ती अशी, की काहीच विशेष घडलं नाही असं दाखवायचं. रेंजमध्ये लोक घुसतातच, कोणी गुरं चारायला, कोणी तोफगोळ्यांचं भंगार वेचायला, त्यांना दटावून हाकलतात. तसंच याला. जितकी मोठी शिक्षा करशील तितकं मोठं गुपित आहे हे तो ओळखणार. म्हणून साहेब जांभई देत येतात, शिव्या घालतात, बंदूक आणि मारलेलं जनावर जप्त, जीपमध्ये घालून रेंजच्या पार दुसऱ्या टोकाला नेतात आणि तिथून वनखात्याच्या हवाली करतात, शिकारीच्या खऱ्या गुन्ह्याखाली. चिंकाऱ्याला न्याय मिळतो आणि गुपितालाही आडोसा मिळतो. इथे मात्र मनापासून सांगतो, हरणाची केस खोटी किंवा नावापुरती करू नकोस, ती पूर्ण होऊ दे. नाहीतर एवढ्या मोठ्या राष्ट्रीय गोष्टीपुढे एक जनावर काय, असा सूर लागतो आणि तो मला सहन होणार नाही.

आणि जीपमध्ये ते दोघं मागे बसलेत, जवान आणि शिकारी. जवान कंटाळल्याचं सोंग करतोय पण त्याचा जीव टांगणीला लागलाय. शिकारी काही न पाहिल्याचं सोंग करतोय. तो ढिगाऱ्याबद्दल एक शब्द काढत नाही, आणि न काढल्यामुळेच जवानाला कळतं की याने पाहिलंय. यातून जवान काय करतो ते मी नाही सांगणार, ते तुला सुचायला पाहिजे.

शेवट तू मे महिन्यात नेलास तर एक खरी गोष्ट वापर. ११ तारखेला सकाळी वारा गावाच्या दिशेने होता म्हणून तासन् तास थांबले, पावणेचारच्या सुमारास स्फोट झाले. त्याआधी खेतोलाईच्या लोकांना घराबाहेर थांबायला सांगितलं होतं, खरं कारण न सांगता. बऱ्याच घरांना तडे गेले. त्या उन्हात झाडाखाली उभी असलेली माणसं, त्यात ज्यांनी कधी कोणा शिकाऱ्याला पळवून लावलंय तीही असतील, त्यांच्या बाजूने एखादं पान लिहून बघ. गुपिताची किंमत त्यांनीही मोजली आणि त्यांना विचारलंही नव्हतं कोणी.

दुसरा खर्डा झाला की लगेच पाठव, दिवाळी अंकाची मुदत जवळ आलीय आणि तू शेवटच्या आठवड्यात घाई करतोस. शुद्धलेखन मी बघतो. पण आधी ती गोळी काढ.

तुझाच,
मी

ता. क. जवानाला नाव दिलंयस ते काढून टाक, नुसता जवान राहू दे. शिकाऱ्याला मात्र नाव हवं, कारण वनखात्याच्या कागदावर ते लिहिलं जाणार आहे.