कुक्षीहून लगेच परत येऊ नकोस

चि. मनू,

काल फोनवर तू रडलीस आणि मी काहीतरी बोलून गेले, नंतर रात्रभर झोप नाही आली म्हणून लिहितेय. धारकडच्या त्या कुक्षीच्या कॉलेजची नोकरी सोडून इंदूरला परत यायचं म्हणतेस. ये, घर तुझंच आहे, पण आधी माझं ऐक.

तुला सोडून परत येताना बसमध्ये माझ्या शेजारी एक म्हातारी होती, हातात चांदीचे जाडजूड कडे, मांडीवर कैऱ्यांची पिशवी. मनावर गाव येईपर्यंत गप्प होती, मग मी सहज जमुनादेवींचं, म्हणजे कुक्षीच्या जुन्या आमदार बुआजींचं, नाव काढलं तर एकदम माझा हात धरला, म्हणाली, "बुआजी थी तो भोपाल में कोई अपना था." आणि धारपर्यंत बोलतच राहिली. दोन कैऱ्या पण दिल्या मला.

बेटा, या जमुनादेवी त्याच भागातल्या, सरदारपूरची, आदिवासी घरातली. 1952 मधे तेव्हाच्या मध्य भारत राज्याच्या पहिल्या विधानसभेत निवडून गेली तेव्हा वय फक्त 22, म्हणजे तुझ्याहून लहान! तेव्हा विधानसभा ग्वाल्हेरला मोती महालात भरायची, कुठे ते आणि कुठे हे धारकडचे डोंगर, त्या काळी रस्ते काय असतील विचार कर. मग 1962 मधे झाबुआहून लोकसभेत, नंतर राज्यसभेत, दिग्विजय सिंहांच्या सरकारात उपमुख्यमंत्री, एमपीत त्या पदावर बसलेली पहिली बाई. 2003 मधे काँग्रेस हरली तर वयाच्या पंचाहत्तरीकडे विरोधी पक्षनेता झाल्या. 24 सप्टेंबर 2010 ला गेल्या, इथेच आपल्या इंदूरला, आणि तेव्हाही त्या कुक्षीच्याच आमदार होत्या. मला हेच फार मोठं वाटतं, दिल्ली पाहिली, भोपाळ पाहिलं, पण मतदारसंघ तोच, तुझ्या खोलीच्या खिडकीतून दिसतो तो.

राजकारण मला कळत नाही, आपल्या घरात त्या पक्षाला कोणी वोटही देत नव्हतं, तुझे आजोबा तर नाहीच नाही. पण ती म्हातारी ज्या आवाजात "अपना" म्हणाली तो माझ्या कानातून जात नाहीये. तुझ्या वर्गात तिच्यासारख्यांच्या नाती बसतात ना गं?

दिवाळीपर्यंत थांब. तेव्हाही नकोच वाटलं तर मी स्वतः येईन सामान बांधायला. शनिवारी इथल्या गंगवाल स्टँडवरून सकाळच्या बसमध्ये चिवडा, मेतकूट आणि कैरीचं लोणचं देतेय, त्याच कैऱ्यांचं आहे. स्टँडवर जाऊन घे.

तुझी आई